कागदावरची माणसे : व्हिक्टोरियन रंगभूमीवरील फार्स आणि उपरोध

राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी गादीवर आली आणि १ जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद ठेवण्याचा कायदा अमलात आला. कायदा आदल्या वर्षीच मंजूर झालेला असल्याने या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. तरीही पुढील सहा दशकांहून अधिक काळ ज्या सुखात्मिकांनी इंग्रज प्रेक्षकांना हसवले, त्यांचे मर्म समजून घ्यायचे तर ही नोंदवही नजरेसमोर ठेवावी लागते. माणूस किती वर्षांचा, कोणाचा मुलगा, कोणाशी विवाहबद्ध आणि किती उत्पन्नाचा, हे त्याने तोंडाने सांगून भागत नाही, ते कागदाने सांगावे लागते, असा समाज त्या काळात वेगाने घडत होता. मृत्युपत्र, भाडेकरार, विवाहनोंद, पालकाचे संमतिपत्र, न्यायालयाचा हुकूम यांवर प्रतिष्ठेची सारी इमारत उभी राहत होती. व्हिक्टोरियन फार्स हा कागदावरचा माणूस आणि हाडामांसाचा माणूस यांच्यामधल्या फटीत जन्मला, आणि त्या काळातील रंगभूमीवरची सर्वांत धारदार सामाजिक टीका गंभीर नाटकांत नव्हे, तर या फार्समध्येच झाली.

फार्स म्हणजे स्वभावचित्रणापेक्षा घटनांच्या गतीवर चालणारे विनोदी नाटक : गैरसमज, तोतयेगिरी, दारामागे लपणे, नको त्या वेळी नको त्या माणसाने येऊन उभे राहणे ही त्याची साधने होत. संस्कृत परंपरेतील प्रहसनाशी त्याचे नाते जोडले जाते, परंतु प्रहसनात दंभावरचा प्रहार उघड असतो, तर फार्समध्ये तो घटनांच्या धांदलीत दडलेला असतो. उपरोध, म्हणजे समाजातील व्यंगावर हास्याच्या आधारे केलेली टीका, हा मात्र नाट्यप्रकार नसून दृष्टिकोन आहे आणि तो शोकात्मिकेतही वावरू शकतो. समीक्षेने फार्सला नेहमी खालच्या पायरीवर बसवले, कारण त्यात विचार नसतो असे गृहीत धरले गेले. व्हिक्टोरियन इंग्लंडपुरते तरी हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे समजण्यासाठी प्रथम सेन्सॉरच्या कचेरीत डोकावणे भाग आहे.

१७३७ च्या परवाना कायद्यानुसार इंग्लंडमधील प्रत्येक नवे नाटक प्रयोगापूर्वी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मंजुरीसाठी पाठवावे लागे. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याच्यावर रंगभूमीवरून होणारी टीका थांबवणे, हा त्या कायद्यामागचा हेतू होता. त्याच कायद्याने संवादप्रधान नाटके करण्याची मक्तेदारी लंडनमधील ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन राजमान्य नाट्यगृहांकडे पक्की केली. हेमार्केटला पुढे फक्त उन्हाळ्याच्या हंगामापुरती मुभा मिळाली. १८४३ च्या कायद्याने ही मक्तेदारी संपवली, पण परीक्षणाची सक्ती तशीच ठेवली. नाट्यपरीक्षक या पदावरील अधिकारी संहिता वाचून आक्षेपार्ह मजकूर काढून टाके. बायबलमधील व्यक्ती, हयात राजकारणी, राजघराणे आणि विवाहबाह्य संबंधांचा उघड उल्लेख या गोष्टी सहसा त्याच्या हातून सुटत नसत. कादंबरीकाराला किंवा ‘पंच’सारख्या व्यंगसाप्ताहिकाला प्रधानमंडळाची खिल्ली उडवण्याची जी मोकळीक होती, ती नाटककाराला नव्हती.

या बंधनाचा कस लावणारा प्रसंग १८७३ साली घडला आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये ‘द हॅपी लँड’ हे नाटक आले. गिल्बर्ट ए बेकेट आणि टोपणनावाने लिहिणारा डब्ल्यू. एस. गिल्बर्ट हे त्याचे लेखक होते, आणि गिल्बर्टच्याच ‘द विकेड वर्ल्ड’ या नाटकाचे ते विडंबन होते. परीलोकातील पऱ्यांना लोकनियुक्त राज्यकारभार कसा करावा हे शिकवण्यासाठी पृथ्वीवरून तीन राजकारणी येतात, अशी त्याची कल्पना होती. परीक्षकाने वाचलेल्या संहितेत हे तिघे कोणी विशिष्ट नव्हते. रंगमंचावर मात्र तीन नट पंतप्रधान ग्लॅडस्टन, अर्थमंत्री रॉबर्ट लो आणि बांधकाम खात्याचे प्रमुख ऍक्टन एअर्टन यांच्यासारखा हुबेहूब चेहरा रंगवून अवतरले आणि नाचू लागले. शिवाय मंजूर झालेला मजकूर आणि प्रत्यक्ष बोलला जाणारा मजकूर यांतही तफावत होती. लॉर्ड चेंबरलेनने काही दिवसांतच प्रयोग थांबवला. चेहरे बदलून आणि मजकूर छाटून तो पुन्हा सुरू करण्यात आला, पण व्यवस्थापनाने संहिता छापताना मंजूर प्रतीत नसलेला भाग मोठ्या अक्षरांत छापून सरकारने काय दडपले ते प्रेक्षकांच्या हाती ठेवले. मंजूर कागद एक आणि रंगमंचावरचा माणूस दुसरा, हे फार्सचे सूत्र येथे नाटकाबाहेर, खुद्द सेन्सॉरच्या व्यवहारात घडले. व्यक्तीवर थेट प्रहार केला की नाटक थांबते, तेव्हा प्रहार व्यक्तीवर न करता त्या व्यक्तीला घडवणाऱ्या नियमावर केला पाहिजे, हा धडा गिल्बर्टने त्यानंतर पुरेपूर अमलात आणलेला दिसतो.

त्या आधीच्या काळातील फार्सकडे पाहताना त्याची जागा लक्षात घ्यावी लागते. व्हिक्टोरियन कारकिर्दीच्या पूर्वार्धात नाट्यगृहातील एक संध्याकाळ चार-पाच तास चालत असे. मुख्य नाटकाच्या आगेमागे एकअंकी फार्स असे आणि उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाला अर्ध्या दरात प्रवेश मिळे. असे शेकडो फार्स लिहिले गेले, बहुतेक फ्रेंच नाटकांवरून उचलले गेले आणि विसरले गेले. जॉन मॅडिसन मॉर्टनचा ‘बॉक्स अँड कॉक्स’ हा १८४७ मध्ये लायसियम थिएटरमध्ये झालेला फार्स मात्र टिकला. त्याचेही मूळ फ्रेंचच, पण त्यातील खोली अस्सल लंडनची आहे. मिसेस बाउन्सर ही घरमालकीण एकच खोली दोघांना भाड्याने देते : बॉक्स हा छापखान्यात रात्रपाळी करणारा कारागीर, तर कॉक्स हा दिवसा टोप्या बनवणारा. एकाच पलंगावर एक दिवसा झोपतो, दुसरा रात्री, आणि दोघांपैकी कोणालाही याचा पत्ता नसतो. एके दिवशी कॉक्सला अचानक सुट्टी मिळते. बॉक्सने शेगडीवर ठेवलेला मांसाचा तुकडा कॉक्स बाजूला काढतो आणि आपला ठेवतो. बॉक्स जागा होऊन कॉक्सचा तुकडा खिडकीबाहेर फेकतो. मग बॉक्सच्या तुकड्याचीही तीच गत होते. उद्योगनगरीत कामगाराला स्वतःची म्हणावी अशी एक खोलीसुद्धा परवडत नाही, ही त्या काळातील लाखो संसारांची वस्तुस्थिती या फेकाफेकीत सामावलेली आहे, आणि तिच्यावर एकही भाषण नाही.

पुढे कळते की पेनेलोपी ऍन नावाच्या विधवेशी दोघांचाही वाङ्‌निश्चय झालेला आहे. बॉक्सने तिच्यापासून सुटका करून घेण्यासाठी आपण बुडून मेल्याचा देखावा केलेला असतो. दोघेही ती दुसऱ्याच्या गळ्यात पडावी म्हणून उदारपणा दाखवतात. मग ती बुडाल्याची आणि आपली मिळकत भावी पतीला ठेवून गेल्याची वार्ता येते, तेव्हा तेच दोघे आपणच खरे वाग्दत्त पती असल्याचा दावा करू लागतात. ती जिवंत असल्याचे कळताच पुन्हा माघार. शेवटी दोघे एकमेकांना दीर्घकाळ हरवलेले भाऊ म्हणून ओळखतात, तेही कसे, तर एकाने दुसऱ्याच्या दंडावर जन्मखूण आहे का असे विचारावे, त्याने नाही म्हणावे आणि तेवढ्यावरूनच नाते सिद्ध व्हावे. त्या काळच्या मेलोड्रामात, म्हणजे भडक भावनांच्या आणि न्यायी शेवटाच्या लोकप्रिय नाटकात, हरवलेले वारस अशाच खुणांवरून सापडत. मॉर्टनने खूणच काढून टाकली आणि ओळख तशीच ठेवली. ओळख पटवणारा पुरावा किती पोकळ असू शकतो, हा विचार पुढे अर्ध्या शतकाने ऑस्कर वाइल्डच्या नाटकात पूर्णत्वाला पोचला.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. पहिली रंगमंचाची. मॅडम व्हेस्ट्रिस या व्यवस्थापिकेने १८४१ साली डायन बूसिको याचे ‘लंडन ॲश्युरन्स’ कॉव्हेंट गार्डनमध्ये सादर करताना भिंती, छत आणि खरे सामानसुमान असलेली खोली उभी केली. १८६५ पासून टॉम रॉबर्टसनची ‘सोसायटी’, ‘कास्ट’ इत्यादी नाटके मेरी विल्टन आणि स्क्वायर बँक्रॉफ्ट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरमध्ये केली, तेव्हा दरवाजांना खऱ्या मुठी आल्या आणि पात्रे खरोखर चहा पिऊ लागली. दुसरा बदल प्रेक्षकांचा. मध्यमवर्ग नाट्यगृहाकडे परतला. १८८० मध्ये बँक्रॉफ्ट दांपत्याने हेमार्केट थिएटर ताब्यात घेऊन पिट, म्हणजे रंगमंचासमोरील स्वस्त जागा, काढून टाकली, तेव्हा पहिल्याच रात्री तेथे आरडाओरडा झाला. फार्सच्या दृष्टीने या बदलांचे महत्त्व असे की आता रंगमंचावरची खोली आणि प्रेक्षकाच्या घरातली खोली सारखी दिसू लागली. पूर्वी गोंधळ दूरच्या, हास्यास्पद माणसांच्या घरी घडत होता, तो आता प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात शिरला. फ्रेंच फार्सची इंग्रजी रूपांतरे मात्र मधल्या काळात विलक्षण कसरत करीत होती. जेम्स आल्बरीचे ‘पिंक डॉमिनोज’ हे १८७७ मध्ये क्रायटेरियन थिएटरमध्ये गाजलेले नाटक घेतले, तरी मूळ फ्रेंचमधील व्यभिचार इंग्रजीत नुसत्या शंकेवर किंवा गैरसमजावर आणून ठेवलेला असे, आणि तेवढ्यानेही काही समीक्षक संतापत. परक्याच्या पापावर आपल्या देशाच्या शालीनतेचे पांघरूण घालणे, हा त्या काळचा एक धंदाच होऊन बसला होता.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १८७७ रोजी, गिल्बर्टचे ‘एंगेज्ड’ हेमार्केटमध्ये आले आणि इंग्रजी फार्सने परक्या आधाराशिवाय स्वतःचे पाऊल टाकले. यातील चेव्हियट हिल हा श्रीमंत आणि कंजूस तरुण भेटेल त्या स्त्रीला लग्नाची मागणी घालतो. तो अविवाहित राहीपर्यंत त्याच्या बेल्वानी नावाच्या मित्राला वर्षाला एक हजार पौंड मिळत राहणार आहेत. चेव्हियटचे लग्न झाले किंवा तो मेला, तर ते उत्पन्न त्याच्या सिम्पर्सन या काकाकडे जाणार आहे. स्कॉटलंडच्या सीमेवर साक्षीदारांसमोर पतिपत्नी असल्याचे नुसते जाहीर केले तरी तेथील कायद्याप्रमाणे विवाह होत असे. एका झोपडीच्या बागेत संकटाच्या भरात केलेल्या अशाच एका विधानामुळे चेव्हियटचे लग्न झाले की नाही, हा प्रश्न ती जागा सीमेच्या कोणत्या बाजूला आहे यावर लटकतो. त्या झोपडीजवळचा भोळाभाबडा वाटणारा अँगस हा रेल्वेगाड्या रुळांवरून घसरवून जखमी उतारूंना आसरा देण्यावर पोट भरतो आणि आपली प्रेयसी दोन पौंडांना सोडून देताना डोळ्यांत पाणी आणतो. सिम्पर्सनला चेव्हियट आत्महत्या करणार असे वाटताच तो आधीच सुतकी पोशाख चढवून येतो, कारण त्या मृत्यूवर त्याचे उत्पन्न अवलंबून आहे. नायिका बेलिंडा आपल्या दुःखाची कहाणी सांगताना एकामागून एक गोड पदार्थ खात राहते.

या नाटकातील खरी नवता गिल्बर्टने संहितेच्या आरंभी नटांसाठी दिलेल्या सूचनेत आहे. सर्व पात्रे आरंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण गांभीर्याने रंगवावीत, पोशाखात किंवा रंगभूषेत अतिशयोक्ती नको, आपण बोलतो त्यात काही हास्यास्पद आहे याची जाणीव नटाने किंचितही दाखवू नये, असा तिचा आशय आहे. या सूचनेपूर्वीच्या फार्समध्ये नट प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारीत, आणि त्यामुळे प्रेक्षक सुरक्षित राही : हे सगळे खोटे आहे, असे त्याला सतत सांगितले जाई. गिल्बर्टने ते आश्वासन काढून घेतले. नट गंभीर राहिला की प्रेमाच्या प्रत्येक उद्गारामागे पैशांचा हिशेब आहे हे प्रेक्षकाला स्वतःच पाहावे लागते, आणि तसला हिशेब आपल्या ओळखीचा आहे हेही उमगते. पहिल्या प्रयोगानंतर काही समीक्षकांनी नाटकाला निर्दय आणि मानवी भावनांचा अपमान करणारे म्हटले. ही प्रतिक्रिया अगदी स्वाभाविक होती, आणि नाटकाचा प्रहार लागला होता याचा तो सर्वांत चांगला पुरावा होय. ‘एंगेज्ड’ला इंग्रजी नाट्येतिहासात मिळालेली जागा त्याच्या योग्यतेपेक्षा फार लहान आहे.

काही काळ वकिली केलेल्या गिल्बर्टला कायद्याच्या भाषेचे आकर्षण होते, आणि संगीतकार आर्थर सलिव्हनबरोबर त्याने लिहिलेल्या संगीतिकांत कायद्याचे कलम हेच कथानकाचे इंजिन झाले. ‘ट्रायल बाय ज्युरी’ (१८७५) मध्ये विवाहवचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा चालतो आणि न्यायाधीश स्वतःच वादी तरुणीशी लग्न करून तो निकालात काढतो. ‘एच.एम.एस. पिनाफोर’ (१८७८) मध्ये कधी समुद्रावर न गेलेला माणूस वकिलाच्या कचेरीतील उमेदवारीपासून चढत चढत नौदलमंत्री होतो. त्याच्या आदल्याच वर्षी डिझरेली सरकारने पुस्तकविक्रेते व प्रकाशक डब्ल्यू. एच. स्मिथ यांना त्याच पदावर नेमले होते, त्यामुळे रोख कोणावर आहे हे सांगावे लागत नव्हते. पण चेहरा रंगवलेला नव्हता, नाव वेगळे होते आणि सूर गोड होते, म्हणून परवाना अबाधित राहिला. ‘आयोलँथे’ (१८८२) मध्ये जन्माने मिळणाऱ्या अधिकारावर बसलेले उमराव आणि पऱ्या यांचा पेच पऱ्यांच्या कायद्यात एकच शब्द घालून सोडवला जातो. ‘द मिकाडो’ (१८८५) मध्ये तर राज्याने प्रणयचेष्टेला मृत्युदंड ठरवल्यामुळे तीच शिक्षा झालेल्या शिंप्याला मुख्य जल्लाद नेमले जाते, कारण स्वतःचे मस्तक आधी उडवल्याशिवाय त्याला दुसऱ्या कोणाचे उडवता येणार नाही. हे राज्य जपान म्हणवले जात असले तरी तेथील पदे, हुकूम आणि कारकुनी सबबी साऱ्या लंडनच्याच होत्या, ही गोष्ट त्या वेळी कोणालाही सांगावी लागली नाही. तरीही १९०७ मध्ये जपानी राजपुत्र फुशिमी इंग्लंडच्या भेटीवर आला असता लॉर्ड चेंबरलेनने ‘मिकाडो’चे प्रयोग काही काळ बंद ठेवायला लावले. ज्या संगीतिकेत इंग्लंडची टर उडवली होती, ती बंद झाली जपानच्या मानासाठी.

कागद आणि माणूस यांचे युद्ध सर्वांत नेटके लढले गेले ते आर्थर विंग पिनेरो याच्या ‘द मॅजिस्ट्रेट’ या नाटकात. २१ मार्च १८८५ रोजी कोर्ट थिएटरमध्ये उघडलेल्या या नाटकाने आर्थिक अडचणीतील ते नाट्यगृह सावरले. कथानकाच्या मुळाशी एक लहानसे खोटे आहे. अगाथा या विधवेने पोलीस न्यायालयाचा दंडाधिकारी इनियस पॉस्केट याच्याशी पुनर्विवाह करताना आपले वय छत्तीसऐवजी एकतीस सांगितले. मग हिशेब जुळावा म्हणून पहिल्या नवऱ्यापासूनच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचेही वय पाच वर्षांनी उतरवून चौदा करावे लागले. परिणामी घरात एक असा ‘मुलगा’ वावरतो जो नोकरांबरोबर पैसे लावून खेळतो, संगीत शिकवणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो आणि आपल्याला असे का होते हे त्याचे त्यालाच कळत नाही, कारण स्वतःच्या वयाविषयीचे आईचे म्हणणे त्याने खरे मानलेले आहे. या मुलाचा धर्मपिता कर्नल ल्यूकिन हिंदुस्थानातून परतल्याचे कळताच अगाथा घाबरते, कारण मुलाचे खरे वय ठाऊक असलेला तो साक्षीदार आहे. त्याला गप्प राहण्याची विनवणी करायला ती रात्री एका उपाहारगृहात जाते; त्याच रात्री मुलगा आपल्या सज्जन सावत्र वडिलांना फसवून त्याच उपाहारगृहात मौजमजेला नेतो. कायद्याने ठरवलेल्या वेळेनंतर तेथे माणसे आहेत म्हणून पोलिसांचा छापा पडतो. दिवे मालवलेल्या अंधारात सारे लपतात. पॉस्केट आणि मुलगा निसटतात, अगाथा इतरांबरोबर पकडली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर पळापळ केलेला, चिखलाने माखलेला पॉस्केट न्यायालयाच्या खोलीत येऊन तोंड धुतो, उसना गळपट्टा बांधतो आणि न्यायासनावर बसण्याची तयारी करतो. पकडल्या गेलेल्या स्त्रियांची अब्रू वाचावी म्हणून कर्नल ल्यूकिन त्याला खासगीत भेटून गयावया करतो. आदल्या रात्री याच गुन्ह्यात सहभागी असलेला पॉस्केट त्याला नीतीचा कडक पाठ देतो आणि दया नाकारतो. मग न्यायासनावरून तो खोट्या नावाने उभ्या असलेल्या आपल्याच बायकोला सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावतो. तिचा चेहरा त्याला दिसतो तोपर्यंत शब्द तोंडून निघून गेलेला असतो. या प्रसंगात एकही टाळीचे वाक्य नाही. पॉस्केट दुष्टही नाही. तो दयाळू, भिडस्त आणि कर्तव्यदक्ष आहे, आणि त्याच्या चांगुलपणामुळेच न्यायसंस्थेवरचा आघात जास्त खोल जातो. न्यायाधीशाच्या खुर्चीवरचा माणूस आणि पिंजऱ्यातला माणूस यांच्यात आदल्या रात्री पळता आले की नाही एवढाच फरक होता, हे पिनेरोने दाखवले, आणि परीक्षकाला आक्षेप घेण्याजोगे त्यात काही सापडले नाही.

लोकप्रियतेत मात्र या सर्वांना मागे टाकले ते ब्रँडन थॉमसच्या ‘चार्लीज आंट’ या १८९२ च्या फार्सने. लंडनमध्ये तो सलग १,४६६ वेळा झाला आणि एच. जे. बायरनच्या ‘अवर बॉइज’चा १,३६२ प्रयोगांचा विक्रम मोडला गेला. वडीलधारी स्त्री सोबत असल्याशिवाय अविवाहित मुलींनी तरुणांच्या खोलीवर जाऊ नये, या रिवाजामुळे ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी ब्राझीलहून येणाऱ्या श्रीमंत मावशीची वाट पाहतात आणि तिचे येणे लांबल्याची तार येताच एका मित्रालाच मावशी बनवतात. मुलीच्या पालकाचे संमतिपत्र या तोतया मावशीच्या हाती पडते, आणि ते पत्र खऱ्या मावशीच्या नावे लिहिलेले असल्याने अखेर वैध ठरते. कागदाचे सूत्र येथेही आहे, परंतु धार बोथट आहे. पालकाची लोभी वृत्ती सोडली तर नाटकाला कोणाशी भांडण करायचे नाही. मराठी रंगभूमीचा या परंपरेशी थेट संबंध याच नाटकातून आला : आचार्य अत्रे यांनी त्यावरून ‘मोरूची मावशी’ लिहिले आणि विजय चव्हाण यांच्या मावशीने ते नंतरच्या पिढीच्या घराघरांत पोचवले. मराठीने या परंपरेतून सर्वांत निरागस नाटक उचलले आणि ‘एंगेज्ड’ किंवा ‘मॅजिस्ट्रेट’ यांना ती लोकप्रियता कधी मिळाली नाही, ही खंत बाळगण्यासारखी गोष्ट आहे.

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकात हे सारे प्रवाह एकत्र आले. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी जॉर्ज अलेक्झांडरने ते सेंट जेम्स थिएटरमध्ये सादर केले. सुतकी पोशाखात नायकाचा प्रवेश आणि भावनिक संकटात पोटपूजा या दोन्ही जागा ‘एंगेज्ड’च्या ओळखीच्या वाटतात, आणि नटांनी गंभीर राहण्याची अटही तीच. परंतु वाइल्डने कागदाला अखेरच्या टोकापर्यंत नेले. लेडी ब्रॅकनेल हातात वही-पेन्सिल घेऊन आपल्या मुलीचा हात मागणाऱ्या, शहरात अर्नेस्ट या खोट्या नावाने वावरणाऱ्या जॅकची उलटतपासणी करते : वय, उत्पन्न, गुंतवणूक, शहरातले घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला, राजकीय मत. बहुतेक उत्तरे पसंत पडतात. आईबापांचा प्रश्न येतो आणि जॅकला सांगावे लागते की तो व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात एका हातपिशवीत सापडला. ज्याची नोंद नाही तो माणूस तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. पुढे जॅकच्या पालकत्वाखालील सेसिली या तरुणीच्या नावावर एक लाख तीस हजार पौंडांचे सरकारी रोखे असल्याचे कळताच तिला त्या मुलीच्या चेहऱ्यात नवे गुण दिसू लागतात. शेवटी जॅकचे खरे नाव लष्करी अधिकाऱ्यांच्या छापील यादीतून शोधले जाते आणि आयुष्यभर सांगितलेले खोटे कागदाने खरे ठरते.

वाइल्डने हे नाटक मुळात चार अंकी लिहिले होते. अलेक्झांडरच्या आग्रहावरून ते तीन अंकी झाले. गाळलेल्या भागात ग्रिब्स्बी नावाचा वकील हॉटेलचे बिल थकवल्याबद्दल ‘अर्नेस्ट’ला होलोवे तुरुंगात नेण्याचा हुकूम घेऊन येतो, आणि त्या नावाचा माणूसच नसताना अटक कोणाला करायची असा पेच पडतो. ५ एप्रिल १८९५ रोजी वाइल्डला समलिंगी संबंधांवरून अटक झाली आणि खटल्यापूर्वी त्याला होलोवे तुरुंगातच ठेवण्यात आले. नाटक चालू होते, पण जाहिरातींवरून त्याचे नाव काढून टाकले गेले. मे महिन्यात प्रयोग थांबले. २५ मे रोजी त्याला दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८९९ मध्ये नाटक छापले गेले, तेव्हाही मुखपृष्ठावर त्याचे नाव नव्हते, केवळ ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’च्या लेखकाचे नाटक एवढाच उल्लेख होता. दोन नावांनी जगणाऱ्या माणसांवर नाटक लिहिणाऱ्याला समाजाने अनामिक केले. ज्या प्रेक्षकांनी लेडी ब्रॅकनेलच्या प्रश्नांवर मनापासून हशा दिला, त्यांच्याच वर्गाने तिच्या निकषांवर लेखकाला बहिष्कृत केले, हे त्या युगाचे न पुसले जाणारे अपयश आहे.

जॉर्ज बर्नार्ड शॉ याला हे नाटक आवडले नाही. हास्य केवळ गुदगुल्यांनी येते, मनाला हलवत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याने स्वतः आडमार्ग नाकारला : वेश्याव्यवसायातील भांडवलावर सरळ बोट ठेवणारे ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ त्याने १८९३ मध्ये लिहिले आणि इंग्लंडमध्ये त्याचा जाहीर प्रयोग होण्यासाठी १९२५ साल उजाडावे लागले. शॉच्या धैर्याविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की त्याने वाइल्डला अन्यायाने मोजले, कारण बंदी असलेल्या उपरोधापेक्षा रोज रात्री भरलेल्या प्रेक्षागृहासमोर होणारा उपरोध समाजापर्यंत अधिक पोचला.

नाटकावरचे सरकारी नियंत्रण साम्राज्याबरोबर हिंदुस्थानातही आले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी कलकत्त्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरने केलेल्या ‘गजदानंद’ या प्रहसनामुळे सरकार बिथरले आणि १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. त्याच कायद्याच्या छायेत १९१० साली कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. एका प्रहसनाने साम्राज्याला कायदा करायला भाग पाडावे, ही फार्सच्या सामर्थ्याची सर्वांत मोठी पावती होय. इंग्लंडमध्ये लॉर्ड चेंबरलेनचा परवाना १९६८ पर्यंत टिकला.

गिल्बर्ट, पिनेरो आणि वाइल्ड यांची ही नाटके आता प्रताधिकारमुक्त आहेत आणि सहज मिळतात. हौशी आणि प्रायोगिक मराठी संस्थांनी त्यांतून ‘एंगेज्ड’ आणि ‘द मॅजिस्ट्रेट’ ही दोन आधी हाती घ्यावीत, आपल्या जन्मदाखल्यांच्या, सातबाऱ्यांच्या आणि पत्रिकांच्या जगात त्यांना रुजवावे, आणि तालमीच्या पहिल्या दिवशी गिल्बर्टची ती सूचना नटांना मोठ्याने वाचून दाखवावी.